अडतीस सेकंदांची बादली

धरणाला पन्नास वर्षं पूर्ण होणार हे कळल्यावर कार्यालयाने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर रंग मागवला. माणसाला पन्नाशी लागली की घरचे त्याला धरून डॉक्टरकडे नेतात, रक्त तपासतात, साखर बघतात. धरणाच्या नशिबी रंगारी आला. आता धरण मातीचं. त्याला रंग लावायला जागा ती किती? पण इच्छा तिथे मार्ग. कठडे पांढरे झाले, दरवाजे निळे झाले, पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे आले, आणि तरीही रंग उरला म्हणून पायथ्याचे दगड एकाआड एक रंगवले. लांबून बघितलं तर कुणी तरी दात घासून बसलंय असं वाटायचं.

या सगळ्या धामधुमीत ज्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही असा एकच माणूस होता, आणि धरणाची नाडी काय ती त्याच्याच हाताला लागत होती. त्याला सगळे बादलीमामा म्हणत.

मामांचं काम दिसायला पोरखेळ. धरणाच्या पायथ्याशी एक दगडी नाली होती आणि तिच्या तोंडाला लोखंडी पन्हळ. धरणाच्या पोटातून झिरपलेलं पाणी तिथून बारीक धारेने पडायचं. मामा रोज सकाळी दहा लिटरची बादली त्या धारेखाली ठेवत, मनगटावरच्या सरकारी घड्याळाकडे बघत आणि बादली किती सेकंदांत भरली ते वहीत लिहीत. तलाव भरलेला असला की अडतीस. तेहेतीस वर्षं अडतीस. एखादा सेकंद इकडे, एखादा तिकडे, त्यापलीकडे नाही. मग काचेची एक बाटली भरून ती उन्हाकडे धरायची, पाणी निवळ आहे ना ते बघायचं, बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवायची. संपलं काम.

"पगार घेऊन बादल्या भरणारा माणूस पुष्कळांनी बघितला असेल," वसाहतीतले लोक म्हणत, "पण भरलेली बादली तिथेच ओतून घरी येणारा आमच्याकडेच."

मामा हसत. त्यांना चिडताच यायचं नाही, हा त्यांचा एक दोषच होता.

चोविसाव्या वर्षी ते धरणावर लागले ते गवत कापायला. एक दिवस गवत कापताना त्यांना उतारावर घुशीचं बीळ दिसलं. बाकीचे गडी बीळ दिसलं की पायाने माती लोटून पुढे जात. मामा विळा खाली ठेवून पाऊण मैल चालत कार्यालयात गेले आणि तेव्हाच्या थोरल्या साहेबांना सांगून आले. थोरले साहेब स्वतः आले, गुडघ्यावर बसून त्यांनी बिळात काठी घातली. काठी आत गेली ती जातच राहिली. उठून हात झटकत ते म्हणाले, "बीळ बुजवणारे पायलीला पन्नास मिळतात. सांगणारा मिळत नाही. उद्यापासून तू नालीवर."

त्यांनीच मामांना शिकवलं. "धरणाने घाम गाळायलाच हवा. न झिरपणारं मातीचं धरण देवाने अजून केलेलं नाही. घाम मापात आहे, निवळ आहे, तोवर खुशाल झोप. घाम वाढला, गढूळ झाला, किंवा एकाएकी थांबला, तर मला ताटावरून उठव. आणि एक ध्यानात ठेव. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. वाळू घाल, खडी घाल, पण त्याचं तोंड बांधू नकोस."

थोरले साहेब केव्हाच देवाघरी गेले. त्यांची खुर्ची मात्र कार्यालयात होती, आणि तिच्यात बसणारे बदलत गेले तशी ती जास्त मऊ होत गेली.

बाटल्या मामा घरी आणत, कारण कार्यालयात ठेवायला जागा नव्हती. तिथली सगळी कपाटं पाण्याचे नमुने तपासल्याच्या कागदांनी भरलेली. त्यामुळे मामांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बारा-बारा बाटल्या रांगेने उभ्या असत.

"लोकांच्या खिडकीत फुलझाडं असतात," मामी म्हणायच्या. "आमच्या खिडकीत बाटल्या. नवीन शेजारणीला दोन महिने वाटत होतं, या घरातला माणूस पितो."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, पितो नाही, नुसता बघत बसतो. तिला त्याचीच जास्त कीव आली."

या मामींनाच पहिल्यांदा दिसलं. खिडकी पुसताना त्यांनी एक बाटली उचलली आणि तशीच धरून राहिल्या. "अहो, हिच्या तळाला काय बसलंय?"

मामांनी बाटली हातात घेतली. आदल्या दिवशी उन्हात धरली होती तेव्हा पाणी निवळ दिसलं होतं. रात्रभर उभी राहिल्यावर तळाला पिवळसर मातीचा थर बसला होता, पिठाच्या चिमटीएवढा. धरणाच्या पोटातली माती. त्याच आठवड्यात बादली अडतीसवरून तेहेतीस सेकंदांवर आली होती. पुढच्या आठवड्यात ती एकोणतीसवर आली, आणि बाटलीतला थर बोटाच्या पेराएवढा झाला.

मामांची झोप उडाली, आणि त्याला कारण होतं. नालीपासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, खालच्या खोलगट जागेत, शाळा होती. स्वस्तात मिळाली म्हणून ती जागा कुणी तरी शाळेला देऊन टाकली होती. दोनशे दहा मुलं, आणि त्यांना चौथीला शिकवणारी मामांची लेक. तलाव काठोकाठ भरलेला. तो दोन मीटर उतरवला तर आतला जोर कमी होईल, एवढं मामांना कळत होतं. ते कार्यालयाला कळवायचं, एवढंच बाकी होतं.

कार्यालयात मामांची वही ज्यांच्या टेबलावर जायची ते कारकून रकानेभाऊ म्हणून ओळखले जात. नाव त्यांचं वेगळं होतं, पण सगळं जग त्यांना रकान्यांत दिसायचं म्हणून हे पडलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मामा, मागच्या वर्षी याच आठवड्यात अडतीस आहे. तुम्ही एकोणतीस लिहिलंय."

"एकोणतीसात भरली म्हणून लिहिलं."

"मग कारणाचा रकाना मोकळा का?"

"कारण धरणाच्या पोटात आहे, भाऊ. मला बाहेरचं तेवढं दिसतं."

"मोकळा रकाना वर जात नाही. एक तर कारण लिहा, नाही तर अडतीस लिहा. अडतीसला कारण लागत नाही."

खोटं चालेल पण मोकळं चालणार नाही, अशी ती जागा. मामांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आतून माती वाहते आहे, तलाव उतरवावा.' रकानेभाऊंनी ते वाचलं, जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं आणि म्हणाले, "हे कारण नाही, ही मागणी झाली. मागणीचा छापील नमुना वेगळा."

तो नमुना संपलेला होता.

दोन दिवसांनी आताचे साहेब स्वतःच पायथ्याशी आले. मामांना वाटलं, देव पावला. पण साहेब आले होते ते मंडपाची जागा बघायला. बरोबर कंत्राटदार होता. चालता चालता साहेबांचा बूट ओल्या जमिनीत रुतला आणि त्यांनी खाली बघितलं.

"हे काय गळतंय?"

"साहेब, तेच सांगायचं होतं," मामा पुढे झाले. "झिरपा वाढलाय. माती येतेय त्यात."

"पाहुणे इथून चालत जाणार आहेत. पन्नासाव्या वर्षी धरणाला गळती? उद्या पेपरात येईल."

"पाणी गळायला हवंच साहेब. फक्त माती..."

"मामा, गळायलाच हवं असं जगात काहीही नसतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी रुमालाने नाक पुसलं. त्यांना सर्दी झाली होती. मग कंत्राटदाराकडे वळून म्हणाले, "हे बंद करून टाका. वर छानशी पायवाट करा. आणि दोन्ही बाजूंना हिरवळ."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असं. चार दिवसांत नालीच्या तोंडात सिमेंट ठोसलं गेलं. नालीवर पायवाट आली. गादीसारख्या गुंडाळ्या करून आणलेली हिरवळ जमिनीवर अंथरली गेली, आणि तिच्यावर पाय ठेवू नये अशी पाटी लागली. उरलेली वाळू आणि खडी मागे ढीग करून ठेवली. हिरवळीला पाणी घालायला एक माणूस नेमला. तिथली जमीन आधीच खालून भिजलेली होती, पण ते त्या माणसाला कुणी सांगितलं नाही, आणि त्यालाही नोकरी प्यारी होती.

दुसऱ्या दिवशी मामांनी सवयीने बादली ठेवली आणि घड्याळ बघत उभे राहिले. पाव तास गेला. बादलीत एक थेंब नाही. मामांनी वहीत लिहिलं, 'बादली भरली नाही.' रकानेभाऊंनी ते खोडून 'शून्य' लिहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की जन्मात पहिल्यांदा त्यांनी मामांना बसा म्हटलं.

साहेबांनी त्याच दिवशी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. पन्नास वर्षांत जे कुणाला साधलं नाही ते या कार्यालयाने पंधरा दिवसांत साधलं असून धरणाची गळती आता शून्य आहे. सगळ्यांना चहा आला. मामांनाही कप मिळाला. तो तसाच ठेवून ते धरणावर गेले.

धरणाच्या अंगात उभ्या रोवलेल्या नळ्या होत्या; त्यांत वजन बांधलेली दोरी सोडली की आत पाणी किती वर आलंय ते कळायचं. पाणी दोन हात वर आलं होतं. मामा दोरीची ओली खूण बोटाने तशीच धरून साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, पाण्याने वाट सोडलेली नाही. ते आत तुंबलंय. तलाव दोन मीटर उतरवा."

"आठ दिवस थांबा. कार्यक्रम होऊ द्या. तलाव भरलेला दिसला पाहिजे, फोटोत चिखल यायला नको."

"खाली शाळा आहे साहेब."

"माहीत आहे की. स्वागताला शाळेचीच मुलं उभी राहणार आहेत. हिरवळीच्या कडेने."

दोरी गुंडाळून मामा घरी आले.

जेवताना लेक शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मी मुख्याध्यापकांना सांगितलं, बाबा. मुलांना थोडे दिवस वरच्या इमारतीत बसवू या. ते म्हणाले, कार्यालयाचं पत्र आणा. पत्रात गळती शून्य आहे."

"गळवाचं तोंड बांधून कुणी बरं झालेलं ऐकलंय का," मामी पोळपाट पुसत म्हणाल्या. "तुमच्या साहेबांना एखादं गळू का होत नाही? देवाने माफ करावं, पण छोटंसं."

"आई."

"छोटंसं म्हटलं ना."

लेकीने भाताचा घास तसाच हातात धरला. "त्यांना शाळेचं काही नाही. तुम्ही शाळा शाळा म्हणताय तोवर ते ऐकणार नाहीत. त्यांचा जीव त्या हिरवळीत अडकलाय."

मामा एकदम लेकीकडे बघायला लागले. मग खाली बघून भराभर जेवले. मामी म्हणाल्या, आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलात.

सकाळी अंघोळ करून मामांनी देवापुढे हात जोडले, रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ. मग दारामागची पहार उचलली.

"हे काय?" मामींनी विचारलं.

"सांगून झालं. आता दाखवून येतो."

मामींनी पहारीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन त्यांचं जुनं धोतर फाडून दोन चिंध्या आणून दिल्या. "तळहाताला बांधा. फोड येतील."

मामा पायथ्याशी पोचले तेव्हा मंडपाचे खांब रोवणारे गडी येऊन बसले होते. बंद केलेल्या तोंडापासून वीस पावलांवर हिरवळ फुगली होती. कडेने पहार टेकवली की खाली पाणी चुबुक करायचं. पाण्याने दुसरी वाट शोधायला घेतली होती. मामांनी देवाचं नाव घेतलं आणि पाटीवरची सूचना वाचून हिरवळीवर पाय ठेवला. तेहेतीस वर्षांच्या नोकरीतला हा त्यांचा पहिला गुन्हा. दुसरा लगेच घडला. बंद केलेल्या तोंडावर पहारीच्या सातव्या घावाला सिमेंटचा पापुद्रा उडाला आणि आतून विटकरी पाणी मांडीएवढ्या धारेने बाहेर आलं.

मामा मग थांबले नाहीत. कंत्राटदाराच्या ढिगातून घमेलं भरून त्यांनी धारेच्या तोंडाशी आधी जाड वाळू ओतली, वर बारीक खडी, तिच्यावर मोठी. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. खांब रोवणाऱ्यांतले दोघे खांब सोडून आले आणि घमेली भरून द्यायला लागले. तासाभरात धारेचा विटकरी रंग फिका पडला. पण नालीवर पायवाट बांधून ठेवलेली. पाण्याला जायला जागा कुठे? ते मोकळेपणाने हिरवळीवर पसरलं. दहाच्या सुमाराला साहेब आणि कंत्राटदार गाडीतून उतरले तेव्हा हिरवळीच्या गाद्या सुटून एकेक करून तरंगत शाळेच्या दिशेने निघाल्या होत्या.

साहेब गाडीचं दार उघडंच टाकून पुढे आले. मग ते म्हणाले, "हे कुणी केलं?"

"मी केलं साहेब," मामा म्हणाले.

"तुम्हाला नोकरीवरून..." साहेबांना पुढचं वाक्य सुचलं नाही, कारण एक गादी त्यांच्या बुटाला येऊन टेकली. ते कंत्राटदारावर ओरडले, "बंद करा ते आधी."

कंत्राटदाराने धारेकडे बघून मान हलवली. "एवढ्या धारेत सिमेंट धरत नाही साहेब. त्या दिवशी धरलं ते कसं धरलं, माझं मला माहीत. आधी पाणी थांबायला पाहिजे."

"मग थांबवा पाणी."

कंत्राटदाराने वर बघितलं. साहेबांनी वर बघितलं. वर धरण होतं, आणि धरणामागे काठोकाठ तलाव. मामा घमेलं पायाशी ठेवून, खाली मान घालून, गरीब गाईसारखे उभे होते.

"तलाव दोन मीटर उतरवला ना साहेब," ते हळूच म्हणाले, "की धार आपोआप बसते. हिरवळ चार दिवसांत सुकेल."

दोनशे दहा मुलांसाठी जो हुकूम निघाला नव्हता तो गवतासाठी दुपारच्या आत निघाला. रकानेभाऊंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'हिरवळीच्या संरक्षणार्थ.' रकाना कसा तुडुंब भरला. दोन्ही दरवाजे उघडले, आणि निळा रंग लावलेल्या फळ्या वर उचलताना तो रंग पापुद्र्यापापुद्र्याने गळून पडला.

चौथ्या दिवशी तलाव दीड मीटर उतरला, आणि धरणाच्या आतल्या बाजूला, दगडांच्या अस्तरात, एक खड्डा उघडा पडला. पाण्याखाली होता तोवर कुणाला दिसला नव्हता. माणूस उभा मावेल एवढा. त्याच्या तळातून माती आत ओढली गेली होती, नालीच्या दिशेने. सगळं कार्यालय काठावर येऊन उभं राहिलं. साहेबांनी एकदा खड्ड्याकडे बघितलं, एकदा उलट्या बाजूला, खाली, जिथे शाळेचं छप्पर दिसत होतं, आणि पायरीवर मटकन बसले. कार्यक्रमासाठी कडांना दिलेला रंगाचा दुसरा हात अजून ओला होता. विजारीला पिवळे पट्टे आले.

"याला रकाना नाही," रकानेभाऊ वही मिटत म्हणाले.

मग मात्र मागणीचे नमुने सापडले, वाळूचे ट्रक आले, बाहेरचे जाणकार आले, मुलं वरच्या इमारतीत बसायला लागली. दुरुस्ती महिनाभर चालली. कार्यक्रम विश्रामगृहाच्या अंगणात उरकला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की हे धरण आपल्या सगळ्यांच्या घामावर उभं आहे. मागे उभे असलेले मामा तेवढ्या एका वाक्याला मनापासून हो म्हणाले.

वर्षअखेरीस निवृत्तीच्या दिवशी मामांच्या हातात दोन कागद पडले. एक ताकीद होती: सरकारी पायवाट फोडल्याबद्दल. दुसरा वरच्या कार्यालयाचा. साहेबांच्या त्या जुन्या पत्राचं उत्तर, सावकाश चालत आलेलं. गळती शून्य केल्याबद्दल कार्यालयाचं अभिनंदन, आणि गळतीच नसल्याने ती मोजणाऱ्याची जागा आजपासून रद्द. बादली आणि घड्याळ जमा करून घ्यावं.

मामा ती बादली धुऊन, पुसून घड्याळासकट जमा करून आले. संध्याकाळी खिडकीपाशी नुसते बसून राहिले. मामींनी न्हाणीघरातली बादली आणून त्यांच्यासमोर ठेवली.

"ही पण दहाचीच आहे. मी मापून घेतलीय."

"आणि घड्याळ?"

"माझं आहे की. ते मी धरीन. तुम्हाला आता बारीक काटा दिसत नाही, उगाच अडतीस अडतीस लिहीत बसाल."

तेव्हापासून दोघं जातात. नाली मोकळी केलेली आहे, पन्हळ नवी आहे. मामा बादली ठेवतात, मामी घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन मोजतात. त्रेचाळीस, चव्वेचाळीस. खालच्या शाळेतून पाढे ऐकू येतात, कारण जाणकारांनी बरं म्हटल्यावर मुलं पुन्हा खाली आली, आणि मामांची लेकही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला रकानेभाऊ मामांच्या खिडकीशी येऊन उभे राहतात. जागा रद्द झाली, नमुन्यातला रकाना कुणी रद्द केला नाही.

"मामी, या महिन्याचे आकडे?"

"मागच्या वर्षीचे लिहा की," मामी आतून म्हणतात.

"मागच्या वर्षी शून्य आहे. आता शून्याला कारण लिहावं लागतं."

मामी त्यांना थोडा वेळ उन्हात उभं करतात. मग खिडकीतली बाटली उचलून, तळ नीट बघून, वही बाहेर सरकवतात.